अठ्ठ्याहत्तर किलोंची सासू

अग्निशामक दलाच्या प्रशिक्षण केंद्रात तिला सगळे वजनमावशी म्हणायचे. तिला त्याचा राग नव्हता. कुणी नुसतं मावशी म्हटलं तरच ती फुरंगटायची. म्हणायची, "मावशी काय, भाजीवालीसुद्धा असते. पूर्ण नाव घ्यायला तोंड दुखतं का?"

नोकरी तिची झाडूवालीची. नवरा दलात आगीच्या बंबाचा ड्रायव्हर होता. तो छातीच्या दुखण्याने अंथरुणातच गेला आणि त्याच्या जागी दलाने तिला घेतलं. बंब काही बाईच्या हाती देईनात, तेव्हा खराटा दिला. मोठं थोरलं पटांगण आणि त्याच्या मधोमध तीन मजली मनोरा. त्याला खिडक्या होत्या पण काचा नव्हत्या, खोल्या होत्या पण राहणारं कुणी नव्हतं. दर वर्षी नवी पोरं भरती व्हायची, त्या मनोऱ्यात चढायची, उतरायची, खोट्या आगी विझवायची, खोटी माणसं वाचवायची आणि खरा कचरा हिच्यासाठी ठेवून जायची.

खोट्या माणसाचं नाव मामा. जाड कापडाचा बाहुला, पोटात वाळू आणि जुन्या पाइपाचे तुकडे. शिकाऊ पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन जिना उतरायचा. पोरं नवीन, खांदे कच्चे. मामा दर आठ दिवसांनी कुठल्या ना कुठल्या पायरीवर आपटायचा, त्याची शिवण उसवायची आणि वाळू तिसऱ्या मजल्यापासून फाटकापर्यंत.

एके सकाळी मामाचं पोट एका तासात तिसऱ्यांदा फुटलं. खराटा जमिनीवर आपटून ती उस्तादांसमोर उभी राहिली. उस्ताद म्हणजे तिथले मुख्य शिक्षक. आवाज असा की गळ्यातली शिट्टी नुसती शोभेला.

"साहेब, याच्यापेक्षा मीच पडते तिथे. निदान माझ्यातून वाळू तरी गळत नाही!"

पोरं खो खो हसली. उस्तादही हसले. मग हसता हसता थांबले आणि तिच्याकडे वरपासून खालपर्यंत असं बघायला लागले, जसा वाणी पोत्याकडे बघतो.

"मावशी, वजन किती तुमचं?"

"बाईमाणसाला वजन विचारतात का साहेब?"

"किती?"

कोठीतल्या मोठ्या काट्यावर तिला उभं केलं. अठ्ठ्याहत्तर. मामा पंचाहत्तरचा होता. उस्तादांना खजिना सापडला. हसण्यावारी गेलेली गोष्ट दुसऱ्या दिवशी वहीत चढली, तिला जुनी खाकी पँट आणि जाड कोट मिळाला, आणि आठवड्यातून तीन दिवस लोकांनी आपल्याला वाचवावं हे तिचं काम झालं.

वाटतं तेवढं हे काम सोपं नाही. माणसाला कुणी उचललं की तो आपोआप धरतो. मान आवळतो, पाय आखडतो, बोटं रुतवतो. असा धरणारा माणूस हलका लागतो. पण धुराने बेशुद्ध पडलेला माणूस काही धरत नाही. तो चहूबाजूंनी ओघळतो आणि दुप्पट जड होतो. उस्तादांना तसाच भार हवा होता. पहिला महिना तिला ते जमेना. कुणी खांद्यावर घेतलं की हात आपले गळ्यात. उस्ताद ओरडायचे, "मावशी, तुम्ही मेलाय!"

"अहो, मेलेय हे मला माहीत आहे, हातांना कुठे माहीत आहे?"

शेवटी तिने आपली एक युक्ती काढली. डोळे मिटायचे आणि मनात म्हणायचं, दुपार आहे, भांडी झालीत, घरात कुणी नाही, आणि आज मला कुणीही उठवणार नाही. बस्स. एवढं म्हटलं की अंगातली एकेक कळ सुटत जायची. अशी दुपार तिला खऱ्या आयुष्यात कधी मिळाली नव्हती, म्हणूनच बहुधा तिचा गुण आला. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात, तशी ती पोरांच्या खांद्यांवर निवांत लोंबकळायला लागली. काही खरंच दुखलं-खुपलं तर उचलणाऱ्याच्या पाठीवर दोन थापा मारायच्या, की सगळं थांबलं. सोळा वर्षांत तिने थापा दोनदाच मारल्या. एकदा कोपर खिडकीत अडकलं होतं. दुसऱ्यांदा पोराला इतका घाम आला होता की तिला शिंक आवरेना.

लपायला मात्र तिला कुणी शिकवलं नाही. परीक्षेत पोरांच्या तोंडावर मुखवटा चढवायचे आणि त्याच्या काचेला काळा कागद लावायचे. धुरात दिसत नाही, तसंच इथे. पोरांनी रांगत, भिंत चाचपत खोलीतलं माणूस शोधायचं. मामाला खोलीच्या मधोमध टाकत असत. हिने पहिल्याच दिवशी नाक मुरडलं. "आग लागल्यावर कोण असं पाहुण्यासारखं मधोमध निजतं? घाबरलेलं माणूस पळत नाही साहेब, लपतं. माझा मुलगा लहानपणी मार चुकवायला कुठे कुठे जायचा, मला विचारा." आणि ती लपायची. खाटेखाली, कपाटात, न्हाणीघराच्या कोपऱ्यात, गादीच्या गुंडाळीमागे. पोरं तिच्या नावाने बोटं मोडायची. पण त्याच पोरांतला एकजण दोन वर्षांनी मुद्दाम तिला भेटायला आला. एका जळत्या घरात त्याने कपाट उघडून बघितलं होतं. आत बहीण-भाऊ होते, एकमेकांना मिठी मारून. एवढं सांगून तो तिच्यासमोर वाकला. ती म्हणाली, "आता वाकून काय, कंबर सांभाळ."

आणखी एक रीत पडून गेली होती. मनोऱ्यातून तिला बाहेर आणलं की पटांगणातल्या पांढऱ्या रेघेपलीकडे खाली ठेवायचं. शिट्टी वाजली की ती डोळे उघडायची. मग उस्ताद चहाचा कप घेऊन येत आणि हळूच विचारत, "काय मावशी?" ती दोनच उत्तरं द्यायची. "वाचवेल", नाहीतर "आपटेल". उस्तादांचं घड्याळ काहीही म्हणो, तिचा शब्द सहसा चुकत नसे. एकदा त्यांनी विचारलं, कशावरून सांगता? ती म्हणाली, "उचलताना सगळे सारखेच साहेब, तेव्हा तुम्ही बघत असता. ठेवताना कळतं. काहीजण रेघ ओलांडली की मला पोत्यासारखं सोडतात. परीक्षा संपली, मी संपले."

असं सगळं सुखाने चाललेलं असताना फाटकावर एक जाहिरात लागली. लावली तिनेच. खळीचा डबा, ब्रश, चार कोपरे दाबून. तिसरी शिकलेली, तेव्हा अक्षर अक्षर लावून वाचायची. पण त्या दिवशी घाईत होती. वाचलं तिच्या सुनेने. डबा द्यायला आली होती.

सून इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. उंचीला बेताची, बोलायला त्याहून बेताची. दिवसभर ओल्या चादरींची गाठोडी यंत्रातून काढायची आणि वाळवणाच्या खोलीत न्यायची. तिने फाटकासमोर उभं राहून जाहिरात दोनदा वाचली.

"आई, इथे लिहिलंय, या वर्षीपासून बायकाही चालतील."

"चालतील की. झाडायला मी चालतेच आहे."

"झाडायला नाही. जवान म्हणून. वय सत्तावीसच्या आत."

सासूने डबा घेतला आणि सुनेकडे बघितलं. सुनेला सव्वीस पूर्ण होऊन दहा महिने झाले होते. दोघींनाही हिशेब कळला. या वर्षी, नाहीतर कधीच नाही.

घरी त्यावरून रणकंदन झालं. रणकंदन म्हणजे सासू एकटीच बोलत होती. "वीस वर्षं मी ताट झाकून बसले! बंब गेला की घड्याळाकडे बघायचं, बंब आला की माणसं मोजायची. आता म्हातारपणी परत तेच? आणि आगीत जायची हौसच असेल तर आपला स्टोव्ह काय कमी भडकतो?"

मुलगा बसच्या कारखान्यात मेकॅनिक. तो जेवताना म्हणाला, "आई, तू आठवड्यातून तीनदा मरतेस, तेव्हा आम्ही काही बोललो का?"

"तू गप्प बैस."

सून भांडी विसळत होती. पाठमोरीच म्हणाली, "धुलाईघरात माणसं येत नाहीत आई. त्यांच्या चादरी येतात. जळलेल्या माणसांच्या चादरी वेगळ्या गाठोड्यात असतात. मी सहा वर्षं ती गाठोडी उचलतेय. मला एकदा त्या माणसाला आधी उचलायचंय."

ताट झाकून बसणाऱ्या बाईला एवढंच कळलं, की या घरातून पुन्हा एकदा कुणीतरी आगीवर जाणार आहे. दुसऱ्या दिवशी तिने अर्जाचा कागद स्वतःच आणून दिला. वर म्हणाली, "आण तो फोटो. आणि फोटोत हसू नकोस, तिथे हसरी माणसं घेत नाहीत."

हजारभर अर्ज आले. धावणं, दोरावर चढणं, पाण्याने भरलेला पाइप ओढणं. तीस जण घेतले, त्यांत चार बायका. सून तिसावी. उंचीप्रमाणे रांग लावली तेव्हाही शेवटचीच.

पहिल्याच दिवशी फाटकात दोघींनी करार केला. बोलली सासू. "या फाटकाच्या आत मी तुझी कुणी नाही. तू मला आई म्हणायचं नाहीस, मी तुला अगं म्हणायचं नाही. कळलं?"

"कळलं, वजनमावशी."

"इतक्या लगेच जमलं?"

"सराव होता. मनात म्हणतच होते."

सहा महिने असे गेले. सकाळी घरातून दोघी एकत्र निघायच्या, फाटकाच्या वीस पावलं आधी वेगळ्या व्हायच्या. आत सून पाइप गुंडाळायची, शिडी चढायची, उस्तादांच्या शिव्या खायची आणि सासू खराटा मारत मारत बरोबर तिथेच पोचायची. झाडून झाडून शिडीखालची फरशी आरशासारखी झाली. उस्ताद शहाणे. सरावात सुनेच्या वाट्याला त्यांनी कायम मामाच दिला, सासूला कधीच नाही. तरी पोरांच्या तोंडाला कोण हात लावणार? मोठ्या मिशांचा एकजण होता, सगळे त्याला मिशाच म्हणत. तो म्हणायचा, "हिला काय, अंतिम परीक्षेत घरचं वजन आहे. सासूबाई आपल्या पायाने चालत येतील आणि हिच्या खांद्यावर बसतील!"

सून त्याच्याकडे बघून म्हणाली, "सासू खांद्यावर बसलेली हलकी असते असं तुला कुणी सांगितलं? तुझं लग्न झालेलं दिसत नाही."

सगळं पटांगण हसलं. सासूला हसू आलं ते तिने खराट्याने झाडून टाकलं. पण बोलणं मनात रुतलं. अंतिम परीक्षा बाहेरचे परीक्षक घेत आणि त्यांचा नियम कडक. सगळ्यांना भार एकच, आणि तो जिवंत. म्हणजे तिला उचलणं चुकणार नव्हतं. आणि उद्या सून पास झाली तर लोक म्हणणार, सासूने केली.

परीक्षेच्या दिवशी बावीस जण उरले होते. बायका तिघी. परीक्षक काठीसारखे उंच, गळ्यात थांबतं-चालतं घड्याळ, हातात वही. त्यांनी सकाळी वजनमावशीला काट्यावर उभं केलं आणि लिहिलं, "भार, अठ्ठ्याहत्तर किलो." मग नियम सांगितले. दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत काळ्या मुखवट्याने शिरायचं, भार शोधायचा, दारापर्यंत ओढायचा, तिथे मुखवटा वर करायचा, खांद्यावर घेऊन जिना उतरायचा, पांढऱ्या रेघेपलीकडे ठेवायचा. तीन मिनिटं. भाराने हालचाल करायची नाही, मदत करायची नाही. केली तर फेरी बाद. बाद फेरीनंतर एकच संधी, त्याच दिवशी.

एकेक करून सकाळ सरली. वजनमावशी एकवीस वेळा मेली, एकवीस वेळा वाचली. अठरा पास, तीन नापास. मिशाने तिला दोन मिनिटं दहा सेकंदांत आणलं आणि रेघेपलीकडे धप्पकन टाकलं. ती कंबर चोळत उस्तादांना म्हणाली, "घड्याळात पहिला. माझ्याकडे, आपटेल."

शेवटी सून.

सासू या फेरीला दाराच्या मागे लपली. उघडलेल्या दाराच्या आणि भिंतीच्या फटीत, बसकण मारून. सून आत शिरली ती दाराला मागे ढकलूनच, आणि पुढे निघून गेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सासूला तिच्या गुडघ्यांचा आवाज येत होता. खाट झाली. कपाट झालं. न्हाणीघर झालं. बाहेरून परीक्षकांचा आवाज आला, "एक मिनिट!" सासूला वाटलं, खोकावं. नुसतं एकदा खोकावं. दात दाताला लावून ती बसून राहिली. मग सुनेचा हात भिंतीवरून सरकत सरकत दाराच्या बिजागरीवर आला, थांबला, फटीत शिरला आणि तिच्या खांद्यावर पडला.

पुढचं भराभर झालं. खांद्यावर घेतलं, जिना सुरू झाला. पण गेलेला वेळ सुनेच्या पायांत उतरला होता. ती पायऱ्या घाईने घेत होती. मधल्या वळणावर तिचा पाय पायरीच्या काठावर पडला आणि दोघी भिंतीकडे कलल्या.

तेवढ्यात सासूच्या हातांनी तेच केलं, जे त्या पहिल्या महिन्यानंतर सोळा वर्षांत केलं नव्हतं. ते सुनेच्या गळ्याभोवती घट्ट बसले.

कलत्या अंगावर असं कुणी आवळलं तर काय होणार? सासू एका बाजूला लाकडासारखी ताठ झाली, सुनेचा तोल आणखीच गेला, आणि ती सासूला घेऊन पायरीवर बसली. लागलं कुणालाच नाही. खालून परीक्षक वर बघत होते. त्यांनी शिट्टी मारली.

"भाराने मदत केली. फेरी बाद."

पटांगणात कुजबुज झाली. मिशा काही बोलला नाही, पण त्याच्या मिशा बोलल्या. सासू जिन्यावर बसून राहिली. ज्याची भीती होती ते तिने आपल्याच हाताने केलं होतं, अगदी दोन्ही हातांनी.

जेवणाची सुट्टी झाली. परीक्षक उस्तादांना म्हणाले, "दुसऱ्या फेरीला भार बदलू. तो बाहुला आणा. नात्यातलं माणूस असं चालणार नाही."

उस्ताद काही बोलायच्या आत सून पुढे झाली. केस कपाळाला चिकटलेले, गालावर भिंतीची काळी रेघ. "साहेब, बाहुला नको. सगळ्यांनी उचललं तेच मी उचलणार. नाहीतर उद्या म्हणतील, बाकीच्यांनी माणूस आणला, हिने पोतं आणलं."

"आणि परत मदत झाली तर?"

"तर मी घरी जाईन. धुलाईघरातली जागा अजून कुणाला दिलेली नाही."

परीक्षकांनी वहीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "ठीक आहे. जेवणानंतर."

सुनेने सासूला पाण्याच्या टाकीमागे गाठलं. करार मोडला, पण आवाज खाली ठेवून. "आई, हे काय केलंत?"

"माझे हात मेले ऐकत नाहीत गं. तू पडतेयस असं वाटलं."

"पडतच नव्हते! भिंतीला टेकून सावरणार होते. तुम्ही ताठ झालात म्हणून पडले." ती गुडघ्यांवर बसली, सासूच्या समोर. "ऐका. ओल्या चादरींचं गाठोडं किती जड असतं माहीत आहे? पण ते ओघळतं, म्हणून जवळ घेता येतं. आधी गोळा करायचं, पोटाशी धरायचं, मग उठायचं. वाळून कडक झालेली चादर नाही उचलता येत मला, कुठूनही टोचते. तुम्ही ओल्या राहा. जेवढ्या जड होता येईल तेवढ्या व्हा."

"आणि पडलीस तर?"

"सोळा वर्षं परक्या पोरांच्या हवाली जीव टाकलात. त्यांच्यावर भरवसा होता, माझ्यावर नाही?"

सून उठून गेली.

आता सासूचं एक होतं. काळजी लागली की इतर बायकांची अन्नावरची वासना जाते, हिची दुप्पट व्हायची. नवरा आगीवर गेला की ती ताट झाकायची त्याचं, आणि स्वतः उभ्याउभ्या पातेलं रिकामं करायची. त्या दुपारी तिने दोन ताटं भात खाल्ला, वर उस्तादांच्या ताटातला उरलेला घेतला, वर तांब्याभर पाणी प्यायली. उस्ताद नुसते बघत राहिले. म्हणाले, "मावशी, परीक्षा तिची आहे ना?"

"म्हणून तर."

दुसऱ्या फेरीला ती खोलीत शिरली आणि दोन क्षण उभी राहिली. सोपी जागा कोणती, अवघड कोणती, तिच्याइतकं कुणाला माहीत? ती लोखंडी खाटेखाली शिरली, पार भिंतीला लागून, तोंड भिंतीकडे, हात पोटाखाली. या जागेतून तिला काढताना दोन वर्षांपूर्वी एक पहिलवान रडकुंडीला आला होता. तिथे पडून तिने डोळे मिटले. दुपार आहे. भांडी झालीत. घरात कुणी नाही.

शिट्टी झाली. दार वाजलं. या वेळी सुनेचा हात आधी दारामागे गेला. शिकली होती. मग भिंत, भिंत, कपाट, खाट. बोटं खाटेखाली आली, पाठीला लागली आणि क्षणभर तिथेच थांबली. कुणी घाई करत नव्हतं. सुनेने तिला ओढली नाही. आधी एक हात काढून छातीवर ठेवला, मग दुसरा. मग गुडघे दुमडले. चादरीची घडी करावी तशी तिची घडी केली, आणि घडी सरकवली. अठ्ठ्याहत्तर किलोंची बाई खाटेखालून अशी बाहेर आली, जसा पोळपाट फळीवरून निघतो.

दाराशी सुनेने मुखवटा वर केला. श्वास घेतला. सासूला पोटाशी धरलं, खांद्यावर घेतलं आणि उठली. सासूला तिच्या मांड्या थरथरताना कळल्या, पाठ कळली, कानाशी धापा कळल्या. ती ओघळली. जेवढी ओघळता येईल तेवढी ओघळली.

जिना. एक, दोन, तीन. मधलं वळण आलं. आणि तीच पायरी. पाय तसाच काठावर पडला, तशाच दोघी कलल्या.

सासूची बोटं वळवळली. आज मला कुणीही उठवणार नाही, ती मनात म्हणाली, कुणीही नाही, कुणीही नाही. हात खाली लोंबत होता, तो कठड्याच्या लोखंडावर फाटकन आपटला. कळ थेट दातांपर्यंत गेली. हात हलला नाही. सुनेचा खांदा भिंतीला लागला, टेकला, सावरला. पाय पुढच्या पायरीवर पूर्ण पडला.

मग पायऱ्या मोजायची गरजच राहिली नाही. बाहेरचा उजेड मिटल्या पापण्यांवर आला, पटांगणातली पोरं ओरडायला लागली, आधी बाकीच्या दोघी बायका, मग सगळे. "चल! चल! चल!" त्यात एक आवाज मिशाचाही होता, आणि तो सगळ्यांत मोठा.

पांढरी रेघ ओलांडली. सून गुडघ्यांवर बसली. तिने आधी सासूचे पाय टेकवले, मग कंबर, मग पाठ. शेवटी डोकं. डोक्याखाली तिचा तळवा होता. डोकं जमिनीला लागलं तेव्हा आवाजच झाला नाही. तळवा तिथेच राहिला.

घड्याळ थांबलं. पण परीक्षकांनी शिट्टी वाजवली नव्हती, ते आकडा लिहीत होते. आणि शिट्टीशिवाय मेलेल्या माणसाला उठता येत नाही. सासूच्या मिटल्या डोळ्यांच्या कडांतून पाणी निघालं आणि दोन्ही कानांत शिरलं.

परीक्षक वाकले. "उस्ताद, भार रडतो आहे."

उस्तादांनी नियमांचं पुस्तक काढलं, अंगठा ओला करून पानं उलटली, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "हालचालीबद्दल आहे साहेब. मदतीबद्दल आहे. रडण्याबद्दल काही लिहिलेलं नाही."

परीक्षकांच्या तोंडाचा कोपरा पहिल्यांदा हलला. त्यांनी शिट्टी वाजवली. "दोन मिनिटं एकेचाळीस सेकंद."

पटांगणात जो गलका झाला, तो बाहेर रस्त्यावर ऐकू गेला असणार, कारण फाटकाशी लोक जमले. पण परीक्षक हात वर करून उभे राहिले. "थांबा. दुसऱ्या फेरीपूर्वी भाराचं वजन झालं नव्हतं. नियम म्हणजे नियम. काट्यावर या."

मिशा पुटपुटला, "आता हे काय नवीन?" सासू डोळे पुसत काट्यावर चढली. परीक्षकांनी वजनं सरकवली, परत सरकवली, चष्मा काढून पुसला.

"एकोणऐंशी किलो, दोनशे ग्रॅम."

क्षणभर कुणाला कळेना. मग उस्तादांना तो भात आठवला आणि ते पोट धरून खाली बसले. त्यांची शिट्टी गळ्यात नाचत होती. "साहेब! साहेब, सगळ्यांपेक्षा एक किलो दोनशे ग्रॅम जास्त! सासूने सुनेला मदत केली म्हणत होता ना? ही बघा मदत!"

सून कंबरेवर हात ठेवून उभी होती. "तरीच! मी म्हटलं, जिन्यावर एवढ्या जड का लागताय. काय खाल्लंत?"

"तूच म्हणालीस ना, जेवढी जड होता येईल तेवढी हो?"

मिशा पुढे आला. सुनेसमोर नाही, सासूसमोर. कान लाल झालेले. "मावशी, मला परत एकदा उचलू द्याल? परीक्षेसाठी नाही. ठेवायचं कसं ते शिकायचंय."

"उद्या ये. आणि पूर्ण नाव घे."

तेव्हा उस्ताद चहाचा कप घेऊन आले. सोळा वर्षांची रीत. या वेळी हळूच नाही, सगळ्यांसमोर, आपल्या खऱ्या आवाजात. "काय वजनमावशी?"

तिने चहाचा एक घोट घेतला. उजवा हात मनगटापाशी सुजला होता म्हणून कप डाव्या हातात धरला होता. सुनेकडे बघितलं, मनोऱ्याकडे बघितलं, मग परत सुनेकडे. आता पुन्हा ताट झाकायचं होतं. पुन्हा घड्याळ, पुन्हा माणसं मोजणं. पण या वेळी आगीत जाणाऱ्याचा हात डोक्याखाली कसा असतो, हे तिला माहीत होतं.

"वाचवेल," ती म्हणाली. "पण हे घरी तिच्या नवऱ्यासमोर बोलू नका साहेब. उद्यापासून ही डोक्यावर बसेल माझ्या."

"आई," सून म्हणाली, अगदी फाटकाच्या आत, सगळ्या पटांगणासमोर, "आत्ता कोण कुणाच्या खांद्यावरून उतरलं?"